कुमुदताईंची मूठ

कुमुदताईंना नवऱ्याने मारलं असतं तर सगळं फार सोपं झालं असतं. हे मी चेष्टेने म्हणत नाही. चांगलं गुरासारखं बडवलं असतं, भर पावसात घराबाहेर काढलं असतं, निदान दारू पिऊन गटारात पडत असता, तरी ही बाई जळगावात मानाने राहिली असती. शेजारणींनी वाटीभर आमटी आणून दिली असती, डोळ्यांना पदर लावला असता. पण नवरा पडला देवमाणूस. धुळ्याला शाळेत मास्तर. सुपारीचं खांडही कधी तोंडात न टाकलेला. आणि अशा माणसाला ही सोडून आली! का? तर म्हणे, मला तिथे राहायचं नव्हतं.

हे असलं उत्तर पंच्याऐंशी-शहाऐंशी साली जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्यात कोणाला पचणार होतं? आजही पचत नाही, ते सोडा.

आम्ही दोघी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मी नगरची, लग्न होऊन इकडे आलेली, नोकरीत नवी. पहिल्या दिवशी सुपरवायझरने मला त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि मी त्या बोर्डाकडे बघून रडकुंडीला आले. इतक्या दोऱ्या, इतकी भोकं, लुकलुकणारे दिवे आणि कानात चारी बाजूंनी "हॅलो, हॅलो". कुमुदताईंनी माझ्याकडे न बघताच माझ्या हातातली दोरी काढून योग्य जागी खुपसली आणि म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. ओरडणारा तिकडे चाळीसगावला बसलाय, इथे येऊन मारणार नाहीये."

उंच, काळ्यासावळ्या, हाडापेराने रुंद. पाचवारी साडी अशी घट्ट नेसायच्या की वाटावं आता कुस्तीलाच निघाल्या. आवाज मात्र असा, की व्यापारी लोक मुद्दाम विचारायचे, "त्या बाई आहेत का ड्यूटीवर?" कपाळाला टिकली असायची, गळ्यात काही नसायचं. ट्रंक कॉलची सवय अंगात इतकी मुरलेली, की कोणी घरी येऊन पाल्हाळ लावलं की टेबलावर बोटाने टकटक करून म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली." एकदा आमच्या सासऱ्यांच्या मामांना म्हणाल्या. ते खरंच उठले आणि चप्पल घालायला लागले.

आम्ही बाकीच्या जणी लोकांचे फोन चोरून ऐकायचो. खोटं कशाला बोलू? त्यातच तर मजा होती. कोणाचं लग्न मोडतंय, कोणाचा मुलगा मुंबईला काय दिवे लावतोय, सगळं आम्हाला आधी कळायचं. कुमुदताई कॉल जोडला की लगेच बाजूला व्हायच्या. मी एकदा विचारलं, "तुम्हाला उत्सुकता नाही वाटत?" तर म्हणाल्या, "ज्याचं त्याला बोलू दे ना गं. एवढं तरी."

'एवढं तरी' हा त्यांचा शब्द. मला पुष्कळ उशिरा कळलं की तो कुठून आलाय.

त्यांना खोली मिळेना. एकटी बाई म्हटल्यावर घरमालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मिस्टर कुठे असतात?" विधवा आहे म्हणाली असती तर मिळाली असती. बदली आहे म्हणाली असती तरी मिळाली असती. ही सरळ सांगायची, "सोडलं." की दार बंद. शेवटी आमच्या मागच्या अंगणातली खोली रिकामी होती, तिथे त्या आल्या. पण ती मिळाली ती त्यांच्या भावामुळे. भास्करभाऊ एरंडोलहून येऊन आमच्या सासूबाईंशी बोलून गेले. काय बोलले कोण जाणे, पण सासूबाई एकदम विरघळल्या. पहिला आठवडाभर हिच्याकडे दूध, लोणचं, भरीत, कळण्याची भाकरी, काही विचारू नका.

मग एका दुपारी सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बाई गं, फार मारायचा का तो?"

कुमुदताई चमकल्या. "कोण?"

"लपवू नको. भाऊने सांगितलं सगळं."

"अक्का, त्यांनी मला कधी बोटही लावलं नाही. भास्करने खोटं सांगितलं तुम्हाला."

मी शेजारी गहू निवडत होते. मनात म्हटलं, बाई, गप्प बस. खोली जाईल. पण ती कसली गप्प बसते! सासूबाईंचा हात पाठीवरून हळूच मागे आला.

"मग?" त्या म्हणाल्या. "मग आली कशाला?"

खोली गेली नाही, कारण भाडेकरू शांत होता आणि पाणी कमी वापरत होता. पण दूध-लोणचं त्या दिवसापासून बंद. 

मीही विचारलं होतं हो. मी कोण मोठी लागून गेले? रात्रपाळीला बोर्ड थंड झाला की गप्पा निघायच्या. एकदा त्यांनी सांगितलं, "लग्नानंतर मला ताप आला, डोकं फुटायची वेळ. हे मला डॉक्टरकडे घेऊन गेले. अगदी रिक्षात हात धरून. डॉक्टरने मला विचारलं, कुठे दुखतंय? हे म्हणाले, पोटात. मला वाटलं, चुकले असतील, आता मी सांगते. तर डॉक्टर यांच्याशीच बोलत राहिला. पोटाचं औषध घेऊन आलो घरी."

मी हसले. त्याही हसल्या.

"मग असंच होत गेलं," त्या म्हणाल्या. "मला काय आवडतं, मला थंडी वाजते का, मला आईकडे जायचंय का, सगळं तेच सांगायचे. गोड सांगायचे गं. आणि मी मध्ये काही बोलले की घरातले सगळे कौतुकाने हसायचे. शेवटी म्हणाले, कुमुदला नोकरी झेपत नाही, राजीनामा देतेय ती. पाहुण्यांसमोर! मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं मी राजीनामा देतेय ते."

"एवढ्यासाठी सोडलं?" माझ्या तोंडून गेलं.

त्यांनी हेडफोन कानावर नीट बसवला. "हो. एवढ्यासाठी. तू हसलीस ना आत्ता? म्हणून मी कोणाला सांगत नाही."

भावाने वकील गाठून दिला होता. वकील म्हणाला, मारहाण लिहू, छळ लिहू, वर्षभरात सुटका. या म्हणाल्या, मारहाण झाली नाही. तो म्हणाला, "अहो ताई, लिहायचं असतं तसं." तर या म्हणाल्या, "मग तुम्हाला घरी कोणी मारत असेल तर तुमच्या नावाने लिहा." झालं! भास्करभाऊ कपाळाला हात लावून बसले. दुसरा रस्ता एकच, दोघांनी राजीखुशीने सही करायची. आणि तिथे तर देवमाणूस आडवा.

वसंतराव दर दिवाळीत यायचे. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा आणि एक साडी. अंगणात खुर्चीवर अवघडून बसायचे. चहा घ्यायचे. "काही कमी-जास्त?" "नाही." मग कुमुदताई शांतपणे विचारायच्या, "सही कराल का?" आणि ते इतकं दुखावलेलं हसायचे की बघणाऱ्याला वाटावं, हिनेच त्यांना आत्ता थोबाडीत मारली. "मी कशाला सही करू कुमुद? माझी कुठे काय तक्रार आहे? दार उघडंच आहे."

ते गेले की सगळ्या बायका त्यांच्या बाजूने. "बाई, असा नवरा बघायला मिळत नाही." कुमुदताई पेढे अंगणातल्या पोरांना वाटायच्या आणि साडी आमच्या कामवालीला द्यायच्या. मला त्या माणसाचा राग यायचा. पण राग यायला धरायचं काय? हातात काही लागायचंच नाही. चांगुलपणाला कुठे धरून आपटणार?

एकदा शहरात आठ मार्चचा मोठा कार्यक्रम झाला. पुण्याहून बायका आल्या होत्या, खादीच्या साड्या, मोठी कुंकवं, गाणी म्हणत होत्या. मला फार भारी वाटलं. टाकलेल्या बायकांसाठी त्यांचं काम चाललं होतं आणि खरंच चांगलं काम होतं. कोणीतरी कुमुदताईंचं नाव दिलं, म्हणून एक कार्यकर्ती घरी आली. म्हणाली, "तुम्ही स्टेजवर बोला. परित्यक्ता म्हणून तुमचा अनुभव."

"मला कोणी टाकलं नाही," कुमुदताई म्हणाल्या. "मी आले निघून."

"हो, पण छळाला कंटाळून ना?"

"नाही."

ती बिचारी गोंधळली. पेन हातात तसंच. तिने आणखी दोन-चार प्रकारे विचारून पाहिलं. हुंडा? बाहेरची भानगड? मूल होत नाही म्हणून? शेवटी म्हणाली, "ताई, मला स्वतःला तुमचं पटतं. पण समोर गावातले लोक असणार. तुमचं उदाहरण घेतलं तर बाकीच्या बायकांचं नुकसान होईल. लोक म्हणतील, बघा, यांना कारणच लागत नाही."

"बरोबर आहे तुमचं," कुमुदताई म्हणाल्या. कार्यक्रमाला गेल्या, शेवटच्या रांगेत बसल्या, टाळ्या वाजवल्या. एका बाईने पाठीवरचे डाग दाखवले तेव्हा ढसाढसा रडल्या. येताना रिक्षात मला म्हणाल्या, "माझ्याकडे दाखवायला काहीच नाही गं रेखा." त्यांना कशाचं दुःख झालं होतं ते मला तेव्हा समजलं. आणि मी रिक्षावाल्याशी उगाच भाड्यावरून भांडले.

आता कानबाईचं सांगते. त्याशिवाय कुमुदताई कळायच्या नाहीत.

मी नगरची, मला हे माहीत नव्हतं. खानदेशात श्रावणात कानबाई बसते. देवी म्हणून नारळ मांडतात, साडी-नथ घालून सजवतात, रात्रभर गाणी, दुसऱ्या दिवशी नाचत नदीवर नेतात. आणि तिचे रोट असतात. रोट म्हणजे मुठीने मोजून काढलेल्या गव्हाच्या पुरणपोळ्या आणि खीर. ते फक्त त्या कुळातल्या माणसांनी खायचे. त्यासाठी घरातली सगळ्यात मोठी बाई टोपलीत गहू काढते, घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन एकेक मूठ. कुमुदताईंच्या घरी सुनांची मूठ निघायची, पाळण्यातल्या पोराचीही निघायची. लेकीची मात्र लग्नापर्यंतच. लेक दिली की तिची मूठ सासरी. 

"माझी मूठ माहेरी निघत नाही, कारण मी दिलेली," कुमुदताई सांगायच्या. "आणि धुळ्याला निघत नाही, कारण मी तिथे नसते. सासूबाई म्हणाल्या होत्या, नांदेल तेव्हा काढू." हे त्या हसत सांगायच्या. पण श्रावण लागला की त्यांचं बोर्डावर लक्ष नसायचं. ज्या बाईला समाजाची काडीची पर्वा नाही असं मी समजत होते, ती मूठभर गव्हासाठी झुरायची. मला आधी वाटलं, काय हा वेडेपणा! स्वतः कमावते, स्वतः राहते, हिला कशाला हवी ती मूठ? एकदा बोललेही तसं. तर म्हणाल्या, "मी नवरा सोडला. माणसं सोडली नव्हती गं. मला दोन्ही हवं होतं. माझं मनही आणि माझी माणसंही. पुरुषांना मिळतं ना दोन्ही?"

एका वर्षी मला एरंडोलला घेऊन गेल्या. घर गजबजलेलं. त्यांची माय, पार वाकलेली म्हातारी, पाटावर बसून मुठी काढत होती. भास्करभाऊ, त्यांची बायको, धाकटे भाऊ, पोरं, एकेक नाव. सगळे भोवती. नावं संपली असं वाटलं, आणि म्हातारीने आणखी एक मूठ उचलली. टोपलीत सोडत म्हणाली, "हाई मन्ही कुमुदनी."

मी कुमुदताईंकडे पाहिलं. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांचं तोंड लहान मुलीसारखं झालं होतं.

कुमुद आता धुळ्याची, म्हणून भास्करभाऊ म्हणाले, "माय, हाई काय करं? कुमुद तठली शे. धुयानी."

"मंग तठे काढतस का तिन्ही मूठ?" म्हातारीने विचारलं. 'तठे' म्हणजे तिथे आणि 'तिन्ही' म्हणजे तिची, एवढी अहिराणी मला तोवर कळायला लागली होती.

भाऊबंदांमधले एक आबा कोपऱ्यातून म्हणाले, "रोट बाटतील." भास्करभाऊंची बायको टोपलीत हात घालून थांबली. काढणार काय? गव्हात गहू मिसळलेला. कुठला कोणाचा दाणा? मग सगळी टोपलीच बाजूला झाली. दुसरी टोपली आली, म्हातारीच्या जागी भास्करभाऊंची बायको बसली, पहिल्यापासून सगळी नावं परत घेतली आणि या वेळी बरोबर जागी थांबली. 

भास्करभाऊ वाईट नव्हते. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. निघताना त्यांनी ते बाजूला काढलेले गहू पिशवीत भरून बहिणीच्या हातात दिले. "लई जाय. पोया करजो."

कुमुदताईंनी ती पिशवी घेतली. मी असते तर तिथेच ओट्यावर ओतली असती! त्यांनी ते दळून आणले, आणि पुढचे कितीतरी दिवस दुपारच्या डब्यात त्याच पोळ्या आणायच्या. मला म्हणायच्या, "बघ, अख्ख्या भाऊबंदांच्या मुठी मी एकटी खातेय." आणि इतक्या जोरात हसायच्या की सुपरवायझर वळून बघायचा. त्यानंतर त्या कानबाईला एरंडोलला गेल्या नाहीत.

पुढे एक्स्चेंज बदललं. लोक स्वतःच नंबर फिरवून थेट बोलायला लागले. आमचे बोर्ड उचलून नेले, आम्हाला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. त्या टेबलावर आवाजाची कोणाला गरज नव्हती, फक्त 'बरं, बघतो' म्हणायचं. कुमुदताई वाळत गेल्या. मला वाटलं, कामाने. ती कावीळ निघाली, आणि आत यकृत पार खराब झालेलं.

दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशी भास्करभाऊ आले होते. त्यांना आणि मला समोर बसवून त्या नीट म्हणाल्या, "माझं काही झालं तर इथूनच न्या. ह्या खोलीतून. माझी अबोली साडी नेसवा. धुळ्याला कळवलं तरी चालेल, पण नेऊ नका. एवढं तरी."

"काहीतरीच काय बोलतेस," भास्करभाऊ म्हणाले.

"भास्कर, हो म्हण."

ते हो म्हणाले. मी ऐकलं ते.

धुळ्याला कोणी कळवलं माहीत नाही. वसंतराव दुसऱ्याच दिवशी हजर. पांढरा शर्ट, हातात मोसंबी. स्टुलावरून हलले नाहीत. नर्सेस म्हणायच्या, काय सेवा करतो हा माणूस! तिला कूस बदलून द्यायचे, चमच्याने पाणी पाजायचे. खरं सांगते, खोटं नव्हतं त्यात. एका सकाळी डॉक्टर आले. खाली वाकून तिला विचारलं, "बाई, कुठे त्रास होतोय?"

कुमुदताईंनी ओठ उघडले. आणि वसंतराव म्हणाले, "पोटात दुखतंय तिच्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिवळ्या पडलेल्या डोळ्यांत हसू होतं की काय होतं, मला आजही सांगता येत नाही. ओठ मिटून घेतले. त्यानंतर त्या कोणाशीच बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी सकाळी गेल्या. दवाखान्यातून त्यांना खोलीवर आणलं.

आणि मग काय गर्दी झाली, काय सांगू! जिच्या दारात चमचाभर साखर मागायला कोणी येत नव्हतं, तिच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. कारण सवाष्ण गेली होती ना! भरल्या कपाळाने, नवऱ्याच्या मांडीवर. धुळ्याहून नणंदा आल्या, हिरवं पातळ आलं, हिरवा चुडा आला, नथ आली. मी भास्करभाऊंना गाठलं. म्हटलं, "भाऊ, त्या काय म्हणाल्या होत्या? तुम्ही हो म्हणाला होता. त्या समोर अबोली साडी आहे बघा, मी इस्त्री करून ठेवलीय."

ते खाली बघत राहिले. "वहिनी, आता नवरा आहे म्हटल्यावर मी कोण?"

मग मी वसंतरावांकडे गेले. अंगात आलं होतं माझ्या. सगळ्यांसमोर म्हटलं, "त्यांना धुळ्याला यायचं नव्हतं. त्यांनी सांगितलंय." त्यांनी डोळे पुसले, मला हात जोडले आणि म्हणाले, "ती बोलायची तसं. मनात तिच्या तसं नव्हतं." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. एका नणंदेने मला बाजूला केलं. तुम्ही शेजारच्या ना, म्हणाली.

त्यांना नेसवलं. कपाळभर कुंकू माखलं. ज्या गळ्यात मी कधी काळा मणी पाहिला नव्हता त्यात डोरलं बांधलं. बायका रांगेने पाया पडत होत्या, तिच्या कपाळाचं कुंकू बोटाने घेऊन आपल्या कपाळाला लावत होत्या. आमच्या सासूबाईंनीही लावलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "असं मरण नशिबाला लागतं गं. ये, तूही लाव." मी गेले नाही. मी त्या खोलीच्या पायरीवर बसून राहिले. मला रडूही येत नव्हतं. एवढंच वाटत होतं की ही बाई इतकी वर्षं जे जे बोलली, ते एकानेही ऐकलं नव्हतं. लाईन जोडलेलीच नव्हती कधी.

शेवटी ओटी भरायची वेळ आली. गहू आणले. धुळ्याच्या थोरल्या नणंदेने मूठ भरली आणि हिरव्या पदरात सोडली. मग माहेरची म्हणून भास्करभाऊंच्या बायकोने भरली, तिनेही सोडली. कोणी अडवलं नाही. कोणी म्हणालं नाही की ही इथली की तिथली.

म्हातारीला एरंडोलहून आणून भिंतीशी बसवलं होतं. तिला दिसत कमी होतं, कळत किती होतं ते माहीत नाही. तिने मान पुढे काढून बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आते काढी का रे तिन्ही मूठ?"

भास्करभाऊंनी उपरणं तोंडात कोंबलं. वसंतरावांनी मानेनेच ड्रायव्हरला खूण केली, चौघांनी कुमुदताईंना उचलून मेटॅडोरमध्ये ठेवलं, आणि गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली.